सासूला आत बोलावणाऱ्या वत्सलाबाई

डॉक्टर वत्सलाबाई, माझ्यावर सर्वांत मोठं ऋण तुमचं आहे. हे वाक्य तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "बरं, पुढचं सांग." पुढचंच सांगणार आहे. पण आधी हे वाक्य एकदा लिहू द्या, कारण तुम्ही होतात तेव्हा ते म्हणायचं राहून गेलं.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. पाथर्डीच्या पेठेत तुमच्या दवाखान्याला कुलूप आहे. तरी बाजारच्या दिवशी बाया येतात, पाटी खाली ठेवतात आणि तुमच्या ओट्यावर टेकतात. दार उघडणार नाही हे त्यांना माहीत आहे. परवा मीही त्यांच्यात जाऊन बसलो. एकीनं मला विचारलं, "तुमाला काय व्हतंय?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "आमालाबी काय न्हाई."

तुम्ही कुठं शिकलात, कोणत्या साली दवाखाना घातलात, हे दुसरं कुणी लिहील. मला त्यातलं काही नीट माहीतही नाही. मला तुम्ही माहीत झालात त्या दिवसापासून, ज्या दिवशी मी अक्काला बैलगाडीत निजवून तुमच्या दारात आणलं.

तेव्हा मी नगरला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात पाटी-पेन्सिलच्या पुढं गेलेला पहिलाच, त्यामुळं चालण्याबोलण्यात थोडा ताठा होता. अक्का पाथर्डीपलीकडं डोंगराच्या कडेच्या गावात दिलेली. पाठोपाठ तीन लेकरं झाली होती, चौथ्या वेळी दिवस गेले आणि गर्भ पडला. रक्त थांबेना. तुम्ही तिला आत घेतलं, आणि बऱ्याच वेळानं हात पुसत बाहेर आलात.

"ही तुझी कोण?"

"बहीण. थोरली."

"तू काय करतोस?"

"बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र."

"छान. मग सांग, तुझ्या बहिणीला अजून मुलं हवीत का?"

मी खाली बघितलं. "बाई, बहिणीला असं कसं विचारायचं?"

"बरोबर आहे. भावाला विचारता येत नाही. नवरा विचारत नाही. सासूला विचारावंसं वाटत नाही. म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, दोन-चार वर्षं मला नुसतं बसू द्या."

मग अक्काच्या अंगात रक्त भरल्यावर तुम्ही तिला लूप बसवलात. त्याआधी तो तळहातावर घेऊन तिला दाखवलात आणि मलाही. पांढऱ्या प्लॅस्टिकचा नागमोडी तुकडा, त्याला खाली बारीक दोरा. "हा पिशवीत राहतो. वर्षानुवर्षं राहतो. नको वाटला की यायचं, मी काढून देते. मग पुन्हा मूल होऊ शकतं." एवढंच सांगितलंत. अक्कानं तो बोटानं दाबून बघितला आणि विचारलं, "एवढ्यानं व्हतंय?" तुम्ही म्हणालात, "एवढ्यानं होतं."

मी बी. ए. झाल्यावर वडील म्हणाले, आता रानात ये. तुम्ही औषधाची पुडी बांधता बांधता त्यांना म्हणालात, "हा रानात काय करणार? बैलसुद्धा ह्याला ओळखून आहेत." वडील हसले आणि मी सुटलो. आरोग्य खात्यात कुटुंबनियोजनाच्या प्रचारकाची जागा निघाली तेव्हा अर्ज करायला तुम्हीच लावलंत. मी जीपमध्ये बसून, भोंगा लावून, भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवून घेत गावं पालथी घालू लागलो. तुम्हाला तो भोंगा कधी आवडला नाही. "एवढ्या मोठ्यानं सांगायची गोष्ट आहे का ती?" असं विचारायचात.

शिबिरांवरून आपलं पहिलं भांडण. शाळेच्या वर्गात पडदा लावायचा, नगरहून लेडी डॉक्टर यायच्या, रांगेनं लूप बसवायच्या आणि दिवस मावळायच्या आत गाडी परत. मी मोठ्या अभिमानानं तुम्हाला सांगायला आलो होतो.

"आणि उद्या?" तुम्ही विचारलंत.

"उद्या दुसरं गाव."

"ते नाही. आज बसवलेली बाई उद्या कुणाकडं जाणार?"

"तक्रार असली तर आरोग्य केंद्रात जाईल."

"केंद्रात गेलेली बाई सगळ्या गावाला दिसते, दत्तू. माझ्याकडं आलेली बाई लेकराच्या खोकल्याचं औषध न्यायला आलेली असते."

मी म्हटलं, तुमच्या दवाखान्यात दिवसाला एखादी बाई येते, शिबिरात रांग लागते. तुम्ही चहा ओतलात आणि विषय बदललात. तुम्ही विषय बदललात की वाद अजून संपलेला नाही असं समजायचं, हे मला पुढं कळलं.

थोड्याच महिन्यांत शिबिरातल्या बाया लूप काढून मागू लागल्या. आमच्या कचेरीत सगळे म्हणत, अफवा आहेत. लूप काळजापर्यंत चढतो, अशी एक अफवा खरोखरच होती. आम्ही तिच्याविरुद्ध पत्रकं छापली. खरं कारण मला कळलं ते तुमच्या बाकावर, एका बाजारच्या दिवशी. अक्का आली होती, आणि तिच्यापुढं तिची सासू ठकूबाई.

"डाक्तरीनबाई, हिला काय बसीवलंय ते आदुगर काढा."

"का हो? दुखतंय का तिला?"

"तिला काय व्हतंय? दुखतंय मला! कंबर गेली माजी."

बाकावरच्या बाया हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "नीट सांगा ठकूबाई."

"सांगते की. निम्मा म्हैना ही भाईर बसती. चुलीला हात न्हाई, पान्याला हात न्हाई. समद्यांच्या भाकरी म्या म्हातारीनं थापायच्या व्हय? सून केली ती कशापायी मग? हिला ववाळायला?"

तुम्ही आधी एकट्या अक्काला आत नेलंत. तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्यात, दोरा तपासलात, आणि हळू विचारलंत, "काढू का?" अक्कानं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "मला न्हाई काढायचा. पन घरात रोज कालवा व्हतो. तुमीच बगा काय ते."

मग तुम्ही जे केलंत ते मी कुठल्याही डॉक्टरला करताना बघितलं नव्हतं. तुम्ही सासूला आत बोलावलंत. मध्ये नुसता पडदा, त्यामुळं आम्हा बाकावरच्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

"ठकूबाई, विळीनं बोट कापलं तर तुम्ही बाहेर बसता का?"

"बोट कापल्यावर कोन बसतंय?"

"मग ऐका. पाळीचे चार दिवस तुमच्या घरात पाळतात तसे पाळा. पाचव्या दिवशी सून न्हाली की घरात घ्या. त्यानंतर जे डाग पडतात ते पाळीचे नाहीत. आत परकी वस्तू बसवलीय, तिनं होतात. बोट कापल्यासारखंच ते. गोळ्या देते, दोन-तीन महिन्यांत कमी होईल. पण खूप जायला लागलं, ताप आला, ओटीपोटात कळा आल्या, तर बाजाराची वाट बघायची नाही. लगेच गाडी जुंपायची."

"म्हंजी इटाळ न्हाई म्हनता?"

"नाही."

"देवाला चालंल?"

"माझ्या घरात देव आहेत, ठकूबाई. मी चालवून घेते."

मग ठकूबाई म्हणाल्या, "तुमी बामनाच्या. तुमी म्हनता तर चालंल." आणि पडदा सारून बाहेर येत सुनेला ओरडल्या, "चल गं, भाकरी थापायला. लई इस्वाटा झाला तुजा."

बाकावरच्या बायांनी ते सगळं ऐकलं होतं. पुढच्या बाजारापर्यंत ते आसपासच्या वस्त्यांवर पोचलं. आमची पत्रकं तिथवर कधी पोचली नाहीत.

तरी त्या संध्याकाळी मी तुमच्याशी कडाक्याचा भांडलो, आणि त्या भांडणाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्ही विटाळाला मान्यता दिलीत. विटाळ पाचव्या दिवसापासून नाही तसा पहिल्या दिवसापासूनही नाही, असं का नाही सांगितलंत? आणि तुमची जात पुढं केलीत."

"केली."

"हे बरोबर आहे?"

"नाही. पण लूप अजून तुझ्या बहिणीच्या पोटात आहे."

"उद्या दुसरी एखादी तुमच्यासारखी बाई उलटं सांगेल. मग?"

"मग तिच्याशी भांडू. तोवर विटाळाचं भाषण तू कर. भोंगा तुझ्याकडंच आहे."

मी ते भाषण केलं, बाई. गावोगावी केलं. कुणी फारसं ऐकलं नाही, पण मी ते करत राहणार आहे. तुमच्या उत्तरात काहीतरी कमी होतं आणि माझ्यातही. ते काय हे आपण दोघांनी मिळून शोधायचं होतं.

त्यानंतर मी तुमच्या बाकावर बसून शिकलो. ज्या बाईला घरी कळू द्यायचं नसे, तिच्या सासूला तुम्ही कधी आत बोलावलं नाहीत, उलट राहीबाई सुइणीकरवी सासूला ओट्यावर मुद्दाम गप्पांत गुंतवायचात. कुठली सासू बोलवायची आणि कुठली नाही हे तुम्हाला कळे, कारण त्या घराच्या सासऱ्याचा दमा, दिराचा हिवताप, लेकरांचे जुलाब सगळं तुमच्याच हातून गेलेलं. शिबिराला आलेल्या डॉक्टरला हे कुठून कळणार? आणि कुणी "काढा" म्हटलं की तुम्ही काढायचात. रागावायचं नाही, घाबरवायचं नाही. मी कुरकुर केली की म्हणायचात, "काढून मिळतो हे कळलं की बसवून घ्यायला येतात." आणि खरोखर येत.

माझा एकच मुद्दा तुम्हाला खोडता आला नाही. दिवाळी झाली की निम्मा तालुका बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जातो. साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईचा घरचा डॉक्टर कोण? मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात,

"म्हणजे मी एकटी पुरणार नाही."

"मी तेच म्हणतोय. शिबिरं."

"शिबिर नव्हे. डॉक्टर. बाजार भरतो त्या प्रत्येक गावात एक. तळाजवळच्या गावातसुद्धा."

असे आपण दोन बाजूंनी चालत एकाच ठिकाणी आलो. आमच्या खात्याच्या साहेबांनी कबूल केलं की जो खाजगी डॉक्टर तुमच्याकडं शिकून तयार होईल त्याला खातं लूप पुरवील. पण आपल्या भागातले डॉक्टर सगळे पुरुष. एक म्हणाला, माझा दवाखाना बंद पाडायचाय का? दुसरा नुसता हसला. तिसगावचे शांतिलाल डॉक्टर तेवढे तुमच्याकडं येऊन शिकले, तेही तुम्ही निरोपावर निरोप धाडलेत म्हणून.

मग दुष्काळ आला. पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडणाऱ्या बायांत तुम्ही उन्हातान्हात हिंडलात. दुष्काळ सरला आणि तुम्ही आजारी पडलात. भिंगारला भावाकडं जाऊन राहिलात, आणि पाथर्डीच्या दवाखान्याला कुलूप लागलं.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तुम्ही लूप बसवलेल्या बाया सगळ्या तालुक्यात होत्या. कुणाला त्रास झाला तर बघणारं कुणी नव्हतं, कुणाला काढून हवा असला तर काढणारं कुणी नव्हतं. केंद्रातली लेडी डॉक्टरची जागा रिकामी. एक बाई जरी ह्यात दगावली असती तर तुमचं सगळं काम तिच्यामागं गेलं असतं, आणि पुन्हा कुठली सासू पडद्याआड आली नसती.

मी तिसगावला गेलो. शांतिलाल डॉक्टर भला माणूस, पण म्हणाले, "दत्तोबा, बाई शेजारी उभ्या होत्या म्हणून माझा हात चालला. एकट्यानं करायचं म्हणजे... उद्या कुणाचा नवरा येऊन दारात उभा राहिला तर? मला इथंच राहायचंय, बाबा."

तसाच एस. टी. नं भिंगारला आलो. तुम्ही खाटेवर होतात, हात काडीसारखे झालेले. मी तब्येत विचारायच्या आत तुम्ही विचारलंत, "तिसगाव?"

"सुरुवात नाही."

"माझ्या दवाखान्यातल्या राहीबाई सुइणीला त्यांच्याकडं पाठव. माझी अवजारंही घेऊन जा. राही उशाशी बसली की बाया येतील."

"नाही येणार, बाई. आपल्याकडची बाई ह्या कामाला पुरुषाकडं जात नाही."

तुम्ही उशीवरून मान उचललीत. "तू अजून तिथंच आहेस. बाई पुरुषाकडं जात नाही. बाई आपल्या डॉक्टरकडं जाते."

"हे पुस्तकात ठीक आहे."

"मी पुस्तक कधी वाचलं रे?" एवढं बोलून तुम्हाला धाप लागली. तुमच्या वहिनींनी मला खुणेनं उठवलं. मी आभार मानायचे असं एस. टी. त ठरवून आलो होतो. वाद घालून परत गेलो, तरी राहीबाईंना आणि तुमच्या अवजारांना तिसगावला पोचवलं. पण तुमच्यापुढं हात जोडून उभा राहिलो असतो तर तुम्ही मला ओळखलंच नसतं, असंही वाटतं.

त्यानंतर आपली भेट झाली नाही. तिसगावात जे घडलं ते मी पत्रानं कळवलं. तुम्ही गेल्यावर भिंगारला आलो तेव्हा तुमचे भाऊ म्हणाले, पत्र वेळेत पोचलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं. तुम्ही चष्मा मागून घेतलात आणि पुन्हा स्वतः वाचलंत.

आज तिसगावचा दवाखाना चालू आहे. कारखान्याच्या वाटेवरच्या गावातला एक तरुण डॉक्टर शांतिलाल डॉक्टरांकडं शिकायला येतो आहे. दिवाळीनंतर गाड्या निघतील तेव्हा बायांना त्याचं नाव सांगून पाठवणार आहे. हे होईल, बाई. मला शंका नाही. ते ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसाचं पत्र, तुमच्या भावांनी मला परत दिलेलं, इथं देतो.

तिसगाव, बाजारचा दिवस

आदरणीय बाईंना दत्तात्रयचा साष्टांग नमस्कार.

बाई, मी हरलो. सविस्तर लिहितो.

अक्काच्या ओटीपोटात चार दिवसांपासून दुखत होतं. मी तिला नगरला न्यायला म्हणून तिच्या गावी गेलो, तर ठकूबाई आडव्या आल्या. "येष्टीत हिंदकळत नगरला कशापायी? तिसगावला आपला डाक्तर हाय की." मी म्हटलं, अहो, तो पुरुष डॉक्टर आहे. त्यावर म्हणाल्या, "मला डोळं हायत. आमचं धनी आजारी व्हतं तवा म्हैनाभर घरी यून सुई टोचली त्यानं. आमच्या पंगतीला बसून भाकर खाल्ली. आन आता परका झाला व्हय?" मी अक्काकडं बघितलं. ती आधीच चपला घालून उभी.

शांतिलाल डॉक्टर आम्हाला बघून पांढरे पडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नगरला न्या." मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "डाक्तर, तुमास्नी आमच्या बाईंनी शिकीवलंय न्हवं? मग बगा की." डॉक्टर हात धुवायला गेले. राहीबाईंनी तुमची अवजारं उकळली. उशाशी राहीबाई, आणि ठकूबाई सुनेचा हात धरून. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, त्या आपण होऊन आत गेल्या.

लूप खाली सरकला होता. डॉक्टरांनी तो काढला. ताप नाही, बाकी सगळं ठीक आहे. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा बसवायचा का?" बाई, त्यांनी मला नाही विचारलं, ठकूबाईंनाही नाही. अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, दुखायचं थांबलं की पुढच्या बाजारी येते. ठकूबाई म्हणाल्या, मीबी येते.

बाकावर दोघी बाया लेकरांना घेऊन बसल्या होत्या. ठकूबाई बाहेर आल्यावर एकीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "आवो, पुरुस हाय न्हवं ह्यो?" ठकूबाई त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुरुस हाय. पन नीट इचारून करतो."

विटाळाच्या मुद्द्यावर मात्र मी हरलेलो नाही. त्यासाठी तुम्हाला बरं व्हावंच लागेल.

ती तोंडाला पदर लावलेली बाई नंतर राहीबाईंशी काहीतरी कुजबुजली आणि आत गेली. जाताना लेकरू माझ्या मांडीवर ठेवून गेली. तेव्हापासून हे पत्र लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. आता ते रडायला लागलं आहे आणि त्याची आई अजून आत आहे. बाकी भेटीत.

आपला,
दत्तू